रात्रपाळीच्या सीटी तंत्रज्ञ ताईंचे आभार

मे महिन्यातल्या एका रात्री नागपुरात भंडाऱ्याकडच्या एक काकू आल्या. उजव्या कुशीत कळ, रक्तदाब उतरलेला, आणि हातात मूत्रपिंडातल्या गाठीबद्दल ‘कर्करोगाची शंका’ लिहिलेला जुना सीटी रिपोर्ट. तो सीटी फक्त शिरेतून औषध (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून देतात ते कॉन्ट्रास्ट) देऊन, जाड कापांत काढलेला होता. जाड कापात गाठीतली थोडीशी चरबी आजूबाजूच्या ऊतींत मिसळून जाते. मग साधा अँजिओमायोलिपोमा, म्हणजे चरबी असलेली, कर्करोग नसलेली गाठ, कर्करोगासारखा दिसतो आणि अख्खं मूत्रपिंड विनाकारण जाऊ शकतं.

ताई, तुम्ही आधी औषधाविना दीड मिलिमीटरचे काप घेतले. त्याही आधी काकूंचा हात धरून ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ असा तीनदा सराव करून घेतला. कळ येत असताना श्वास धरणं फार कठीण, आणि मूत्रपिंड हललं की चरबीचा लहानसा ठिपका हरवतो. तुम्ही अजिबात घाई केली नाही. गाठीची मोजणी उणे ६० हाउन्सफिल्ड (सीटीत ऊतींची घनता मोजायचं एकक) आली. उणे १० च्या खाली म्हणजे चरबी. औषध दिल्यानंतरच्या फेरीत रक्त कुठून गळतंय तेही दिसलं.

मग जांघेतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन रक्त गळणारी धमनीची तेवढीच फांदी बंद केली. पुढे साठलेलं रक्त विरल्यावर शस्त्रक्रियेत सात सेंटिमीटरची गाठ तेवढी काढली. त्या वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा थांबवायला धमनीला लावलेला चिमटा १९ मिनिटांत सोडता आला, मूत्रपिंड वाचलं.

पहाटे तीनला रक्तपेढीत येऊन रक्त देणाऱ्या दोघा अनोळखी मुलांचेही मनापासून आभार.

काकू परवा तपासणीला आल्या होत्या. ‘ते श्वास धराले लावणारी पोरगी कुठं हाय जी?’ म्हणून विचारत होत्या.