लॉरा नाइट यांचे चित्र कापून छापल्याने अर्थच गेला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील ब्रिटिश इम्प्रेशनिस्ट (बदलता प्रकाश मोकळ्या, झटपट फटकाऱ्यांत टिपणाऱ्या) चित्रकर्त्यांवरील लेखात डेम लॉरा नाइट यांच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या. त्यातली एक ओळ चुकीची आहे आणि सोबतचे चित्र अर्धे कापलेले आहे.

आधी चूक. लॉरा नाइट या रॉयल अकॅडमी या लंडनमधील कलावंतांच्या संस्थेच्या ‘पहिल्या महिला सदस्य’ नव्हत्या. १७६८ साली अकॅडमी स्थापन झाली तेव्हाच्या संस्थापक सदस्यांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोघी होत्या. चित्रकार योहान झोफनीने पुढे अकॅडमीच्या सदस्यांचे एकत्र चित्र रंगवले, तेव्हा पुरुष मंडळी नग्न मॉडेलभोवती उभी-बसलेली दाखवली आणि या दोघींना भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत बसवले. त्या खोलीत बाईने असणे शिष्टसंमत नव्हते! स्थापनेनंतर तब्बल १६८ वर्षे एकही स्त्री पूर्ण सदस्य म्हणून निवडली गेली नाही. १९२२ मध्ये अ‍ॅनी स्विनर्टन सहयोगी सदस्य झाल्या, १९२७ मध्ये लॉरा नाइट सहयोगी झाल्या आणि १९३६ मध्ये पूर्ण सदस्य. म्हणजे पूर्ण सदस्य म्हणून ‘निवडून आलेल्या’ पहिल्या स्त्री त्याच. तरीही अकॅडमीच्या वार्षिक मेजवानीचे दार महिला सदस्यांना १९६७ पर्यंत बंदच होते.

आता चित्र. १९१३ चे ते आत्मचित्र सुमारे पाच फूट उंच आणि सव्वाचार फूट रुंद आहे. लाल जाकीट, डोक्यावर हॅट, पाठमोऱ्या लॉरा, चेहरा बाजूने दिसणारा. त्यांच्यासमोर पाठमोरी उभी असलेली नग्न मॉडेल म्हणजे त्यांची मैत्रीण, दागिने घडवणारी कलाकार एला नेपर. शिवाय कॅनव्हासवर रंगत असलेली तीच आकृती. अशा तीन पाठी एका चित्रात. आरशांची मांडणी करून रंगवलेली ही रचना आहे. त्यात एक कोन चुकला तर तिन्ही आकृत्यांचा मेळ बसत नाही. पुरवणीत फक्त लाल जाकीट आणि हॅट उरली. मॉडेल कापली की ते नुसते व्यक्तिचित्र होते आणि ‘मी नग्न देह समोर ठेवून रंगवते आहे’ हे विधानच पुसले जाते.

हे विधान का महत्त्वाचे, ते त्यांच्या शिक्षणावरून कळते. १८७७ मध्ये डर्बीशरमधील लाँग ईटन येथे जन्मलेल्या लॉरा जॉन्सन तेराव्या वर्षी नॉटिंगहॅमच्या कलाशाळेत दाखल झाल्या. तिथे मुलींना नग्न मॉडेलवरून रेखाटन करायला मनाई होती. त्यांच्यासाठी प्लास्टरचे पुतळे. पुतळ्यावरून वर्षानुवर्षे काम केले की काय होते, हे आपल्याकडच्या कलाशाळांतूनही ठाऊक आहे. छायाप्रकाश चोख येतो, पण वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जाताना कंबर कशी कलते, खांद्याखालची कातडी कशी ताणते, हे हाताला कळत नाही. आकृती ताठ होते. ही उणीव लॉरा यांनी शाळेबाहेर भरून काढली. अकॅडमीने हे आत्मचित्र प्रदर्शनात घेतले नाही आणि ‘डेली टेलिग्राफ’च्या समीक्षकाने त्याला असभ्य ठरवले. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने ते मिळवले, पण लॉरा १९७० मध्ये गेल्यानंतर.

त्यांना इम्प्रेशनिस्ट म्हणायचे ते मुख्यतः कॉर्नवॉलच्या (इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या किनाऱ्यावरील) काळापुरते. १९०३ मध्ये वर्गमित्र हॅरल्ड नाइट यांच्याशी लग्न, यॉर्कशरमधल्या स्टेद्स या कोळीवाड्यात काही वर्षे (तिथले बरेचसे काम त्यांनी स्वतःच नष्ट केले), मग हॉलंडमधील लारेन आणि १९०७ मध्ये कॉर्नवॉलमधील न्यूलिन. १९०९ च्या अकॅडमी प्रदर्शनातील ‘द बीच’मध्ये किनाऱ्यावर खेळणारी मुले आहेत आणि चित्रभर ऊन आहे. हे स्टुडिओत जमत नाही. उघड्यावर तैलरंगात काम करताना सावली दीड-दोन तासांत सरकते. म्हणून सकाळचा कॅनव्हास वेगळा, दुपारचा वेगळा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी जाऊन उभे राहायचे. कॅनव्हासवर थेट ऊन पडू दिले तर डोळे दिपतात, रंग हवेत त्याहून गडद लावले जातात आणि घरात आणल्यावर चित्र काळवंडलेले दिसते. ओल्या रंगात ओला रंग बसवताना दोन-तीन फटकाऱ्यांत हात थांबवावा लागतो, नाहीतर रंग मळतो. आणि समुद्राचा वारा मोठा कॅनव्हास शिडासारखा उचलतो. इझलला (चित्राच्या घोडीला) दगड बांधल्याशिवाय कड्यावर काम होत नाही. पुढे पहिल्या महायुद्धात किनाऱ्यावर चित्र काढण्यावर निर्बंध आले, हेही लक्षात घ्यावे.

१९१९ नंतर लंडन, द्याघिलेव्ह यांच्या रशियन बॅले मंडळीची पडद्यामागची बाजू, सर्कस, एप्समच्या घोड्यांच्या शर्यतींना येणाऱ्या जिप्सी बायका. तिथे तर त्या जुन्या रोल्स-रॉइस गाडीत मागे बसून रंगवत. आत मोठा कॅनव्हास मावायचा आणि पावसाची चिंता नसायची. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमधील चित्रस्पर्धेत (तेव्हा ऑलिंपिकमध्ये कलास्पर्धाही असत) त्यांना रौप्यपदक मिळाले. १९२९ मध्ये ‘डेम’ हा ब्रिटनमध्ये स्त्रियांना दिला जाणारा किताब.

लेखात अजिबात नाही ते १९४३ चे रूबी लॉफ्टस यांचे चित्र. वेल्समधील न्यूपोर्टच्या शस्त्र कारखान्यात ही २१ वर्षांची मुलगी लेथवर (धातू फिरवून कापणाऱ्या यंत्रावर) बोफोर्स तोफेच्या ब्रीच रिंगला (नळीच्या मागच्या टोकाच्या कड्याला) आटे पाडते आहे. आटे जरा चुकले की रिंग भंगारात जाते. ते कसब यायला एरवी आठ-नऊ वर्षे लागत, तिने ते फार लवकर आत्मसात केले. लॉरा यांनी कारखान्यातच उभे राहून रंगवले. केसांवरची जाळी, धातूवरची चमक, बोटांची पकड, सगळे नेमके आहे. किनाऱ्यावर मोकळा सुटलेला ब्रश इथे आवरलेला दिसतो, म्हणून सरसकट ‘इम्प्रेशनिस्ट’ हा शिक्का मला पटत नाही. १९४६ च्या, नाझी नेत्यांवरील न्यूरेम्बर्ग खटल्याच्या चित्रात तर आरोपींच्या रांगांमागे न्यायालयाच्या भिंतीच नाहीत, तिथे जळते, उद्ध्वस्त शहर आहे.

ही दोन्ही युद्धचित्रे लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहेत. शुद्धिपत्रक छापताना १९१३ चे आत्मचित्र न कापता, निदान तीन कॉलम रुंदीत आणि मापासह छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक, कोल्हापूर