रविवारची नॅशनल कॅथीड्रल भेट : सदस्यांसाठी सूचना

सप्रेम नमस्कार. येत्या रविवारी मंडळातले आपण काहीजण वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये उपासनेला जातोय. हे एपिस्कोपल पंथाचं, म्हणजे अँग्लिकन परंपरेतल्या अमेरिकन ख्रिस्ती पंथाचं चर्च. पहिल्यांदाच येणाऱ्यांनी एवढं जरूर वाचा.

चपला-बूट काढायचे नाहीत. उपासनेला तिकीट नसतं. दानाची थाळी फिरते, पण सक्ती नाही. कधी उठायचं, कधी बसायचं ते छापील पत्रिकेत असतं. गुडघे दुखत असतील तर खुशाल बसून राहा. मध्येच आजूबाजूचे लोक ‘पीस’ म्हणत हात पुढे करतील, गांगरू नका, आपणही हात मिळवा.

सर्वांत महत्त्वाचं कम्युनियनचं, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस देण्याच्या विधीचं. ती भाकर आणि द्राक्षारस देवळातल्या प्रसादासारखा सरसकट घ्यायचा नसतो, तो बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो. बाकीच्यांनी रांगेतून पुढे जाऊन छातीवर हातांची फुली करावी, धर्मगुरू आशीर्वाद देतात. त्या बाईही असू शकतात. या पंथाने १९७६ साली स्त्रियांना धर्मगुरुपद खुलं केलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

निघताना मुलांना ‘स्पेस विंडो’ दाखवा. त्या रंगीत काचेत अपोलो ११ ने चंद्रावरून आणलेल्या दगडाचा तुकडा बसवलाय. उपासना चालू असताना मात्र फोटो नकोत, फोन बंद.