साठ हजार युनिटची गोळी रोज घ्यायची नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'ड' जीवनसत्त्व हृदय, किडनी आणि प्रतिकारशक्ती सांभाळतं, असा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. त्यात मात्रेबद्दल एक ओळही नव्हती, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वडिलांना 60,000 युनिटच्या कॅप्सूल लिहून दिल्या होत्या. आठवड्याला एक, आठ आठवडे. चिठ्ठीवरचं अक्षर अण्णांना लागलं नाही, दुकानात कुणी सांगितलं नाही. बीपीच्या गोळीबरोबर ते ती रोज घेत राहिले. चारची पट्टी संपली की दुसरी आणायची; चिठ्ठी कुणी मागितलीच नाही. दोन महिन्यांत त्यांची अन्नावरची वासना उडाली, पोट साफ होईना, रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठू लागले. आम्ही म्हणत होतो, वय झालं. एका सकाळी त्यांनी मलाच विचारलं, "तू कुणाची गं?" तेव्हा दवाखान्यात धावलो. रक्तातलं कॅल्शियम वाढून 14 च्या वर, आणि किडनीचं काम मंदावलं की वाढणारं क्रिएटिनिन 3.2. आठ दिवस सलाईन लावलं. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, त्यामुळे पुरतं उतरायला कित्येक महिने गेले. क्रिएटिनिन अजून 1.8 वर अडलंय.

'ड' गरजेचं आहेच. उन्हाने कातडीत तयार झालेलं 'ड' आधी यकृतात आणि मग किडनीत बदलतं, तेव्हा कामाला येतं. म्हणून तर किडनी निकामी झालेल्यांना डॉक्टर बऱ्याचदा कॅल्सिट्रिऑल, म्हणजे 'ड'चं हे तयार रूप, देतात. पण हृदय आणि प्रतिकारशक्तीच्या ज्या फायद्याच्या भरवशावर लोक स्वतःच्या मनाने या कॅप्सूल घेतात, तो तपासून झालाय. अमेरिकेत 25,871 जणांवरच्या 'व्हायटल' चाचणीत (2018) रोज 2,000 युनिट घेऊनही हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. मंगोलियात 8,851 शाळकरी मुलांपैकी निम्म्यांना तीन वर्षं दर आठवड्याला 14,000 युनिट दिली. बहुतेकांच्या अंगात 'ड' कमी होतं, तरी क्षयाचा संसर्ग घटला नाही (2020).

माझं मागणं एवढंच, की या पट्टीवर 'आठवड्यातून एकदाच' असं ठळक मराठीत छापावं आणि चिठ्ठीशिवाय ती देऊ नये. तुम्हीही असा लेख छापाल तेव्हा मात्रेची चौकट जरूर द्या. आमचे आताचे औषधवाले प्रत्येक पट्टीवर पेनाने वार लिहून देतात. त्याला अर्धं मिनिटही लागत नाही.

आपली,
एक वाचक, कराड