कशेडी घाटातल्या त्या तिघांचे आभार

गेल्या शनिवारी चिपळूणला जाताना कशेडी घाटात आमच्या पद्मिनीच्या बॉनेटमधून वाफ यायला लागली. बाबांनी १९८६ साली घेतलेली गाडी. बॉनेट उघडलं तर वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकत होतं. तिथून पाणी आलं की आतलं सील गेलं, हे मला नंतर कळलं. रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात ट्रक थांबवून उतरलेल्या काकांनी मनगट धरलं. "उकळतंय ते! अर्धा तास थांबा." काका, तुमच्यामुळे माझा चेहरा वाचला.

वरच्या घरातल्या मावशी, तुम्ही कळशीने पाणी आणलंत, आईला सावलीत बसवून कोकम सरबत दिलंत.

आणि खेडचे मेकॅनिक दादा! तुम्ही पंपावरचा पंखा धरून हलवलात, पंपाचं बेअरिंगही ढिलं झालेलं दाखवलंत, सीलबरोबर तेही बदललंत. पंपाच्या जोडातून पाणी गळू नये म्हणून मध्ये घालायचं गॅस्केट मिळेना, तर गॅस्केटच्या कागदातून हाताने कापून बसवलंत. त्यावर गाडी चिपळूण करून घरी आली, थेंबभरही गळली नाही.

नावं विचारायची राहून गेली. मावशी, तुमची कळशी आमच्या डिकीत आहे. गणपतीला येताना घेऊन येतो.