केसपेपरवरची एक ओळ

सप्रेम नमस्कार मॅडम,

गेल्या शनिवारी शेवटच्या भेटीला आलो तेव्हा बोलायचं खूप होतं, पण तोंडातून 'बरं, येतो' एवढंच निघालं. बाहेर पडलो आणि तुमच्या जिन्यात बराच वेळ बसून राहिलो. मला बोलता येत नाही, वाजवता येतं. पण आभार वाजवून पोचतील याची खात्री वाटेना, म्हणून लिहितोय. आणि चारचौघांत लिहितोय, कारण माझ्यासारखे वादक खूप आहेत आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं.

फेब्रुवारीत एका सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या बाजूने आपोआप गळायला लागलं. डावा डोळा मिटेना, भुवई उचलेना. बायकोला वाटलं, झटकाच आला. तसं नव्हतं; चेहऱ्याच्या नसेला सूज आली होती. गोळ्या वेळेत सुरू झाल्या, ज्यांनी त्या दिल्या त्यांचे उपकार आहेतच. सगळे म्हणाले, बहुतेक माणसं काही आठवड्यांत बरी होतात. माझा डोळा मिटायला लागला, बोलणं सुधारलं. ओठाचा डावा कोपरा मात्र परत आला नाही.

सॅक्सोफोन वाजवताना खालचा ओठ दातांवर दुमडून घ्यायचा, त्यावर रीड, म्हणजे माउथपीसला बांधलेली वेताची पातळ पट्टी, टेकवायची, वरचे दात माउथपीसवर आणि दोन्ही कोपरे घट्ट. कोपरा सुटला की हवा फुस्सकन बाहेर. एप्रिलमध्ये मी सॅक्सची पेटी उघडली, फुंकर मारली आणि सुराच्या आधी ती फुस्सच ऐकू आली. पेटी बंद केली. त्यानंतर दीड महिना तिच्याकडे बघितलंही नाही.

त्या काळात मी ज्या मोठ्या दवाखान्यात जात होतो तिथलं एक वाक्य अजून डोक्यातून जात नाही. तपासणारे म्हणाले, "जेवता येतंय, बोलता येतंय, मग राहिलं काय? या वयात बाजा वाजवला नाही तर काय बिघडतं?" आणि कागदावर 'प्रगती समाधानकारक' असं लिहून पुढच्या पेशंटला हाक मारली. माझं वय सत्तावन्न. त्यातली छत्तीस वर्षं याच ओठांवर घर चाललं, दोन मुलींची शिक्षणं झाली. कुणाचं समाधान झालं होतं, मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या एका ठिकाणी रोज पन्नास फुगे फुगवायला सांगितले. मी फुगवले, गाल दुखेपर्यंत. ते करायचं नसतं, जोर लावला तर नस भलत्याच वाटेने जुळू शकते, हे पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत.

आणि ज्या ऑर्केस्ट्रात मी एकोणीस वर्षं उभा राहिलो, त्यांचा फोन आला, "काका, तुम्ही आराम करा. कीबोर्डमध्ये सॅक्सचा आवाज आहे, भागतंय." भागतंय हा शब्द मला फार लागला.

अशा अवस्थेत मुलीने मला तुमच्याकडे फिजिओथेरपीला आणलं. मी यायला तयार नव्हतो. रात्रीचे आठ वाजले होते, मी शेवटचा पेशंट. तुम्ही चेहरा तपासायच्या आधीच विचारलंत, "काका, तुम्हाला नक्की काय करता यायला हवंय?" मी म्हटलं, सॅक्स. मग तुम्ही म्हणालात, "मला त्यातलं काही कळत नाही. ऐकवता का?"

मी मोबाइलवर 'बेदर्दी बालमा' लावलं. १९६५ सालच्या 'आरजू'मधलं, शंकर-जयकिशनचं, लताबाईंचं. कडव्यांच्या मध्ये सॅक्स येतो. तुम्ही ऐकलंत. परत लावायला सांगितलंत. तिसऱ्यांदा ऐकताना हात वर केलात आणि विचारलंत, "इथे सूर खाली घसरतो ना, तिथे ओठ काय करतात?"

मॅडम, हा प्रश्न मला छत्तीस वर्षांत एकाही श्रोत्याने विचारलेला नव्हता. सॅक्सला चाव्या असतात, प्रत्येक चावीचा सूर ठरलेला. दोन सुरांच्या मधली जागा चावी देत नाही. ती ओठांनी आणि जबड्याने काढावी लागते, पकड केसभर सैल करायची, पुन्हा आवळायची. आपल्या गाण्यातली मींड त्या परदेशी पितळी वाद्यातून येते ती अशी. मी हे सांगत होतो आणि तुम्ही स्वतःचे ओठ दुमडून, आरशात बघून, कोणता स्नायू हलतो ते शोधत होतात. मग विचारलंत, "हे वाजवलंय कुणी?"

मी म्हटलं, मनोहारी सिंग.

तुम्ही केसपेपर पुढे ओढलात. 'उपचाराचं ध्येय' असा रकाना असतो, तो मला आधीच्या ठिकाणांमुळे पाठ झाला होता. त्यात माझ्यासाठी आजवर 'पाणी न सांडता पिणे' एवढंच लिहिलेलं असायचं. तुम्ही लिहिलंत, 'बेदर्दी बालमामधला सॅक्सचा पीस. मूळ वादक : मनोहारी सिंग.' लिहून झाल्यावर मलाच विचारलंत, "मनोहारी, मनोहर नाही ना?"

त्या एका प्रश्नासाठी हे सगळं पत्र आहे.

का, ते सांगतो. तेव्हा सांगायला जमलं नव्हतं.

माझे वडील मिरजेत लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. लाल कोट, सोनेरी झुपके, वरातीच्या पुढे. मीही तिथूनच सुरुवात केली. सॅक्स हातात आला तेव्हा कुणीतरी सांगितलं, सिनेमातला तो सगळा सॅक्स एका बँडवाल्याचाच आहे. ते खरं निघालं. मनोहारी सिंग मूळच्या नेपाळी घरातले, जन्म १९३१ चा कलकत्त्यातला. बाटानगरच्या बुटांच्या कारखान्याचा बँड होता, त्यात ते पोरवयात वाजवायला लागले. बासरी, क्लॅरोनेट, मग सॅक्स. कलकत्त्याच्या क्लबांमधून रात्री वाजवायचे. १९५८ मध्ये सलील चौधरींच्या सांगण्यावरून मुंबईला आले आणि त्याच वर्षी 'सितारों से आगे'साठी सचिनदेव बर्मन यांच्याकडे वाजवलं. पुढची तीस-पस्तीस वर्षं हिंदी सिनेमात ऑल्टो सॅक्स म्हणजे बहुतेक वेळा तेच. नय्यरसाहेबांचं 'है दुनिया उसी की' ऐका, रफीसाहेबांच्या इतकंच ते रडतं. 'गाता रहे मेरा दिल' ऐका, तिथे तोच माणूस हसतो. वाद्य तेच, ओठ तेच.

पंचमदांच्या, म्हणजे राहुलदेव बर्मन यांच्या, ताफ्यात ते नुसते वादक नव्हते. बासू चक्रवर्ती, आपले मारुतीराव कीर आणि मनोहारीदा हे तिघं त्यांचे उजवे हात. बासूदांबरोबर जोडीने त्यांनी 'सबसे बड़ा रुपैया'ला संगीतही दिलं, १९७६ साली. तरी रस्त्यावरच्या दहा माणसांना नाव विचारा. गाणं दहाही जण गुणगुणतील.

स्टुडिओतल्या वादकाचं आयुष्यच तसं. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचा फेमस, वांद्र्याचा मेहबूब, सकाळी तिथे पोचायचं, समोर ठेवलेला कागद वाचायचा, तालमी करायच्या. गायक आणि पूर्ण वाद्यवृंद एकत्रच ध्वनिमुद्रित व्हायचा. पन्नास जणांत एकाची रीड चिरकली तरी सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. त्या धाकात त्या माणसाने ती मींड घेतलीय, हे लक्षात घ्या. शिफ्टचे पैसे घेऊन घरी जायचं. तबकडीवर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, गीतकाराचं नाव. त्या वाद्यवृंदांचा अर्धा कणा गोव्याच्या माणसांचा होता, चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेल्यांचा. सेबास्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनकडे केलेलं वाद्यसंयोजन आपण आजही ऐकतो, पण नावानिशी किती जणांना माहीत आहे? अँथनी गोन्साल्विस हे नाव सगळ्यांना पाठ आहे, तेही त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या एका विनोदी गाण्यामुळे. ते खरोखरचे व्हायोलिन शिकवणारे, संगीतरचना करणारे गृहस्थ होते, हे सांगितलं की लोक चकित होतात.

आणि मग ऐंशीच्या दशकापासून तुकड्या-तुकड्याने ध्वनिमुद्रण करायची यंत्रं आली, सिंथेसायझर आला. कमी माणसांत काम व्हायला लागलं. मला आलेला 'कीबोर्डमध्ये आहे, भागतंय' हा फोन या लोकांना तीस-चाळीस वर्षं आधीच आला होता. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. फोन करणाऱ्याने एकदा घरी येऊन, समोर बसून सांगितलं असतं तरी मला पुरलं असतं. एकोणीस वर्षांच्या ओळखीवर मी तेवढा हक्क समजत होतो.

म्हणून तुम्ही 'मनोहारी, मनोहर नाही ना?' विचारलंत तेव्हा माझा डावा डोळा, जो तेव्हा धड मिटतही नव्हता, तो भरून आला. मनोहारीदा १३ जुलै २०१० ला मुंबईत गेले. एक मुलगी, जिने आयुष्यात सॅक्स जवळून पाहिला नाही, ती मिरजेतल्या एका केसपेपरवर त्यांचं नाव शुद्ध लिहिण्यासाठी थांबते. एक वेलांटी चुकली असती तर कुणाचं काही अडणार नव्हतं. तुमचं अडलं.

चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं, पदराला खार लावून करायची गोष्ट, असं मी समजायचो. तुमच्याकडे येऊन मला तो वेगळा दिसला. समोरच्याला जे महत्त्वाचं वाटतं ते आपल्याला कळत नसलं तरी महत्त्वाचं मानायचं, एवढाच. माझ्यानंतर बसलेल्या आजींना तुम्ही 'हात वर करा' म्हणाला नाहीत, 'वरच्या फळीवरचा डबा काढायचाय ना?' म्हणालात. भाकरी थापायची असलेल्या मावशींच्या मनगटासाठी तुम्ही खरोखरच परातीत पीठ मळून आणायला सांगितलंत. ज्यांच्या दारावर मोठमोठ्या पदव्या आहेत त्यांना मी हे करताना पाहिलं नाही. आमच्या क्षेत्रातही असंच असतं. साथीदाराचा चहा आला का हे बघणारा गायक शंभरात एखादा, आणि त्याच्या मागे आम्ही जीव ओतून वाजवतो.

व्यायामांबद्दल लिहीत नाही. ते दिवस फार संथ गेले. आरसा, दोन बोटं, ओठाचा कोपरा, पुन्हा आरसा. पहिले चार आठवडे तुम्ही वाद्याला हात लावू दिला नाहीत, मग फक्त माउथपीस, रोज पाच मिनिटं. ज्या दिवशी फुस्स न होता एक अखंड सूर निघाला, त्या दिवशी तुम्ही कॅबिनचं दार उघडून बाहेरच्या पेशंटनाही ऐकवलात. नुसता एक सूर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मोठ्या मैदानांवर वाजवलंय, पण अशा टाळ्या नाही ऐकल्या.

गणपतीत आमच्याच पेठेतल्या मंडळासमोर पहिल्यांदा उभा राहिलो. ऑर्केस्ट्रा नवा, मुलं तरुण, त्यांनी आपणहून बोलावलं. 'बेदर्दी बालमा' सुरू करायच्या आधी मी निवेदकाकडून माइक घेतला आणि सांगितलं की हे गाणं लताबाईंचं आहे, शंकर-जयकिशनचं आहे आणि यातला सॅक्स मनोहारी सिंग यांचा आहे. इतकी वर्षं हा पीस वाजवला, हे कधी सांगितलं नव्हतं. लाज वाटली, पण सांगून टाकलं. आता प्रत्येक कार्यक्रमात सांगतो.

कोजागिरीला पुन्हा कार्यक्रम आहे. पहिल्या रांगेत उजवीकडची खुर्ची तुमच्यासाठी ठेवायला सांगितलीय, आईंनाही घेऊन या. दुसऱ्या पीसमध्ये सूर जिथे घसरतो तिथे डावा कोपरा अजून थोडा हलका पडतो. बाकी कुणाला नाही कळणार, तुम्हाला कळेल. कार्यक्रम झाल्यावर सांगा, व्यायाम वाढवायचा की आहे तोच ठेवायचा.

तुमचा,
शनिवारचा शेवटचा पेशंट