मकरपुऱ्याच्या काकांना, बाबांच्या गाडीबद्दल

आदरणीय काका,

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) तुमच्या गॅरेजात ज्यांचं जाणं-येणं आहे, ते ओळखतीलच.

गाडी घरी येऊन आठ दिवस झाले. रोज सकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या दारात ती सुरू करते आणि सहाही सिलिंडरांचा एकसारखा आवाज ऐकत उभी राहते. आई आतून ओरडते, "अगं पुरे, पेट्रोल जातंय." मग तीही दाराशी येऊन ऐकते.

बाबांनी जपानहून परतताना आणलेली ही 1990 ची निसान फेअरलेडी झेड. तीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, त्यात जास्तीची हवा दाबून भरणारे दोन टर्बो, 280 अश्वशक्ती. जपानी कंपन्यांनी तेव्हा आपसांत पाळलेली ताकदीची मर्यादा तेवढीच होती, हे बाबा घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. गाडीत पुढे काय काय करायचं, ते त्यांच्या डायरीत लिहिलेलं होतं. ते करायचं राहिलं आणि बाबा गेले.

तुमच्याआधी मी ज्यांच्याकडे गेले, त्यांचा बोलबाला मोठा. "घरात पुरुषमाणूस कोणी नाही का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. ताकद वाढवून देतो म्हणाले आणि इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर न तपासताच टर्बोचा बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढवून मोकळे झाले. हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिन ठोके देऊ लागलं, तेव्हा म्हणाले, जुनी गाडी आहे, भंगारात द्या. परत मिळाली तेव्हा सीट पार मागे ढकललेली होती आणि गालिच्यावर सिगारेटची राख. पैसे मात्र पूर्ण घेतले. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आधी डायरी वाचायला मागितलीत. इंजिनावरची हवेची पेटी, म्हणजे प्लेनम, उतरवून सहाही इंजेक्टरांचा विद्युतरोध मीटरनं मोजलात, प्रत्येकावर पट्टी चिकटवून आकडा लिहिलात आणि मला जवळ बोलावून दाखवलंत. 10 ते 14 ओहम यायला हवेत, दोन पार गेलेले. पेट्रोलमधलं इथेनॉल आतल्या तारेच्या वेटोळ्यावरचं आवरण खातं, आणि आता तर पंपावर 20 टक्के इथेनॉल, हे मला पहिल्यांदा तुमच्याकडून कळलं. मग सगळं बाबांच्याच क्रमानं झालं: आधी नव्या धाटणीचे इंजेक्टर आणि इथेनॉल सोसणारे पाइप, मग टर्बोची तापलेली हवा थंड करणारे मोठे इंटरकूलर, बूस्ट सगळ्यात शेवटी आणि बेतानं. इंटरकूलरचे ब्रॅकेट तुम्ही स्वतः घडवलेत.

पण काका, पत्र लिहायला बसले ते सीटसाठी.

बाबांनी ड्रायव्हरच्या सीटच्या रुळावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला होता, त्यांच्या बैठकीची खूण. सीट पुन्हा त्या ठिपक्यावर आणून मी गाडी तुमच्याकडे सोपवली होती, तुम्हाला काहीच न बोलता. गाडी घरी येण्याआधी एका पहाटे तुम्ही अहमदाबादच्या एक्सप्रेसवेवर ट्रायल घेऊन आलात. तुम्ही सहा फुटांचे. दार उघडून एकेक पाय बाहेर काढलात आणि कितीतरी वेळ गुडघे चोळत राहिलात. मी आत डोकावले, तर सीट ठिपक्यावर जशीच्या तशी. "मागे का नाही घेतलीत?" विचारलं, तर हात पुसत म्हणालात, "बेटा, तुझ्या बाबांची बैठक आहे ती. माझ्या गुडघ्यांसाठी कशाला मोडायची?"

मला तिथे काही बोलता आलं नाही. घरी येऊन आईला सांगितलं, तेव्हा आम्ही दोघीही रडलो.

तो ठिपका तुम्हाला कुणी दाखवला नव्हता. सीटखालची वायरिंग बघताना दिसला असेल आणि तुम्ही ओळखलंत. बिलात त्याचा रुपया नाही, कुणी बघायलाही नव्हतं. दुसऱ्याच्या घरातल्या गेलेल्या माणसाची एवढी अदब राखणारी माणसं आपल्या बडोद्यात आहेत, हे कळल्यापासून या गावात एकटं वाटणं कमी झालंय.

आईनं दिवाळीच्या फराळाला बोलावलंय. गाडी दोघांचीच, म्हणून मी दोन फेऱ्या करीन, आधी काकूंना आणीन, मग तुम्हाला. शेजारची सीट पार मागे सरकवून ठेवते.

तुमचीच,
दांडिया बाजारातली मुलगी