सिॲटल आणि लॉस एंजेलिसच्या पोस्टमनकाकांना एक उघडं पत्र

प्रति,
2002 साली लॉस एंजेलिस आणि सिॲटल या शहरांत टपाल वाटणारे पोस्टमनकाका, किंवा मावशी

स. न. वि. वि.

अल्बमच्या श्रेयनामावलीत पोस्टमनचं नाव घालायची रीत नाही, म्हणून हे पत्र. 'गिव्ह अप' हा अल्बम फेब्रुवारी 2003 मध्ये बाहेर पडला, त्यात तुमची पायपीट आहे.

बेन गिबर्ड सिॲटलला, 'डेथ कॅब फॉर क्यूटी' या बँडचा गायक. जिमी टॅम्बोरेलो लॉस एंजेलिसला, 'डन्टेल' या नावानं इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा. 2001 च्या डन्टेलच्या अल्बममध्ये गिबर्ड एक गाणं गायला, ते जमून आलं आणि सब पॉप या रेकॉर्ड कंपनीकडून पूर्ण अल्बमची विचारणा झाली. पण दोघांची मुख्य कामं वेगळी, वेळा जुळेनात. मग टॅम्बोरेलो वाद्यांचा भाग तयार करून टपालानं धाडायचा, आणि गिबर्ड त्यात हवी तशी कापाकापी करून, वर गळा चढवून टपालानंच परत पाठवायचा. मधलं अंतर रस्त्यानं सुमारे 1,800 किलोमीटर. जोडीचं नाव 'द पोस्टल सर्व्हिस' पडलं ते असं.

हे पत्र लिहिणारे आम्ही घरच्या खोलीत रेकॉर्डिंग करणारे, दोन गावांत बसून एक गाणं पुरं करणारे लोक. त्या पाकिटात काय काय बिघडू शकत होतं, याची आम्हाला नीट कल्पना आहे.

'त्यांनी ईमेल का नाही केलं?' असं आताची पोरं विचारतात. हिशोब सोपा आहे. 44.1 किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, सॅम्पल), 16 बिट, स्टीरिओ आवाजाला मिनिटाला साडेदहा एमबी लागतात. चार मिनिटांचं गाणं झालं 42 एमबी. फोनच्या तारेवर चालणारा 56 के मोडेम पूर्ण वेगानं चालला असं धरलं (तो कधीच चालत नसे), तरी एक तास चाळीस मिनिटं. आणि हे फक्त एकत्र केलेलं गाणं. तेच 12 सुटे मोनो ट्रॅक 24 बिटमध्ये पाठवायचे तर 380 एमबी, म्हणजे पंधरा तास लाइन अडकलेली, त्यात एकदा फोन आला की पुन्हा पहिल्यापासून. उलट सीडीत 700 एमबी मावतात आणि तिचं वजन 16 ग्रॅमच्या आत. तुमच्या खांद्यावरची पिशवी त्या काळातल्या बहुतेक घरगुती इंटरनेटपेक्षा वेगवान होती.

तुमच्यामुळे काही बिघडायचं ते पाकिटाच्या बाहेर. आत जे बिघडतं, त्याला पाठवणारेच जबाबदार. सगळ्यांत वरचा नंबर सॅम्पल रेटच्या, म्हणजे सेकंदाला किती नमुने याच्या, घोळाचा. डॅट, म्हणजे डिजिटल आवाजाची, टेप 48 किलोहर्ट्झवर भरली आणि समोरच्यानं ती 44.1 समजून उघडली, की गाणं आठ टक्क्यांनी संथ होतं आणि पट्टी जवळजवळ दीड अर्धस्वर खाली येते. काळी एकमधलं गाणं पांढरी एकच्याही खाली, पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लटकतं. गायकाला वाटतं आज गळा लागत नाहीये. तो बिचारा त्या अधांतरी सुराला धरून अख्खं गाणं गातो, परत पाठवतो, आणि मूळ वाद्यांवर त्याचा एकही शब्द बसत नाही. आठवडा गेला. टेपच्या डबीवर '48' एवढे दोन आकडे लिहिले असते तर हे टळलं असतं.

दुसरा घोळ जास्त लबाड, कारण तो लगेच कळत नाही. दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत सारखी नसतात. साध्या यंत्रांमध्ये दहा लाखांत पन्नासाचा फरक सहज निघतो. एकीकडे वाजवून दुसरीकडे ॲनालॉग तारेनं भरून घेतलं, तर चार मिनिटांत 12 मिलिसेकंदांची तफावत पडते. गाण्याच्या सुरुवातीला सगळं घट्ट, आणि शेवटच्या ध्रुवपदात तोच ठोका दुहेरी ऐकू येतो. म्हणून डिजिटल तारेनं उतरवायचं, आणि भरून घेणाऱ्या यंत्राचं घड्याळ पाठवणाऱ्या यंत्राच्या मागे लावायचं. फाइल जशीच्या तशी कॉपी केली तर हा प्रश्नच येत नाही.

सीडीतही एक खोच आहे. ऑडिओ सीडी बनवून पाठवली की ड्राइव्ह ती काही सॅम्पल पुढेमागे वाचतो, काही ड्राइव्ह तर सहाशेहून जास्त. म्हणजे पंधरा मिलिसेकंदांच्या आसपास. एका फेरीत हे खपून जातं. चार फेऱ्या झाल्या की प्रत्येक वेळची चूक आधीच्या चुकीवर बसते. त्यापेक्षा वेव्ह फाइली डेटा म्हणून लिहाव्यात, कारण डेटा सीडीत चूक दुरुस्त करायचा जादा थर असतो आणि सुरुवात सरकत नाही. सगळे ट्रॅक एकाच शून्यापासून कापायचे, मग गिटार तिसऱ्या मिनिटाला का येईना. आधी दोन बार (तालाची आवर्तनं) रिकामे, त्यांच्या तोंडाशी एक टोकदार टिक, आणि गाणं संपल्यावर तशीच दुसरी टिक. पहिल्या टिकला टिक लावून शेवटची जुळते का बघायचं. जुळली तर घड्याळाचा घोळ नाही. आमच्या मते, लांबून काम करणाऱ्याला एवढी एक सवय असली तरी निम्मी भांडणं होत नाहीत.

टेम्पो अंदाजानं सांगू नये. 120.3 चं गाणं '120 आहे' म्हणून पाठवलं, तर चार मिनिटांअखेर समोरच्याचं ड्रम मशीन एका मात्रेहून जास्त मागे पडतं. गळा रिव्हर्बशिवाय, म्हणजे घुमारा न घालता, कोरडा पाठवावा. रिव्हर्ब वर घालता येतो, खरवडून काढता येत नाही. मिक्सची सर्वांत मोठी पातळी उणे 6 डेसिबलला थांबवावी. त्यात 16 पैकी एकच बिट वाया जातो, आणि पुढच्याला आवाज चढवायला जागा राहते.

इतकं सगळं नीट करून पाकीट लाल पेटीत, चुकलो, तुमच्याकडे पेटी निळी असते, टाकलं की ते परत घेता येत नाही. तुमचे खरे आभार आम्हाला यासाठी मानायचे आहेत. आता दुव्यावरून फाइल पाठवतात आणि पाच मिनिटांत 'थांब, जुनी ऐकू नकोस, नवी टाकतोय' असा निरोप येतो. गाण्याचे सतरा अवतार होतात, 'फायनल', 'फायनल 2', 'फायनल खरंच'. टपालाची एक फेरी आठवडाभराची धरली तर तिच्यात एकच निर्णय मावतो, आणि पाठवणाऱ्याला आपला अर्धा वाटा पुरता करूनच पाकीट चिकटवावं लागतं. घेणाऱ्याशेजारी मान हलवणारं कुणी बसलेलं नसतं, त्यामुळे तो कडवं उचलून पुढे नेतो, मधला तुकडा फेकतो, आणि गाणं त्याचंही होतं. मुख्य बँड दौऱ्यावर असला तरी पाकीट टेबलावर पडून राहतं, स्टुडिओचं भाडं लागत नाही. जोडकामाला याहून सोयीचं काही नाही. गिबर्डच्या बँडचा 'ट्रान्सॲटलांटिसिझम' त्याच 2003 मध्ये आला, यावरून दोन्ही कामं कशी शेजारी शेजारी चालली हे दिसतं.

अर्थात सगळंच टपालानं झालं नाही. जेन वुड आणि जेनी लुइस यांचे आवाज, क्रिस वॉलाचा पियानो, अशी माणसांची मदतही त्यात आहे. पण त्यांची नावं अल्बमवर आहेत.

तुमच्या खात्यानं मात्र 2003 च्या ऑगस्टमध्ये या जोडीला नोटीस धाडली: 'पोस्टल सर्व्हिस' हे नाव आमचं. पुढे जे झालं ते वाचून आम्हाला अजून हसू येतं. नाव वापरायला परवानगी मिळाली. बदल्यात जोडीनं टपालाचा प्रचार करायचा आणि वॉशिंग्टनला पोस्टमास्टर जनरलच्या परिषदेत वाजवायचं ठरलं. खात्यानं आपल्या वेबसाइटवर अल्बम विकायलाही ठेवला. 2012 मध्ये त्याला अमेरिकेत प्लॅटिनम, म्हणजे दहा लाखांचं प्रमाणपत्र मिळालं. सब पॉपच्या खपात त्याच्या पुढे फक्त 'निर्वाणा' या बँडचा 'ब्लीच'.

आणखी एक लिहायलाच हवं. 2001 च्या शरद ऋतूत पाकिटांतून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जंतू पाठवले गेले आणि वॉशिंग्टनच्या ब्रेंटवुड टपाल केंद्रातले तुमचे दोन सहकारी गेले. तरी टपाल वाटलं गेलं. त्यानंतरच्या वर्षात कुठल्या तरी दारात तुम्ही एक फुगीर पाकीट ठेवलंत, आत काय आहे हे न विचारता.

आपले नम्र,
दोन गावांत बसून एक गाणं करणारे काही जण

ता. क. – 'वाकवू नये' असं पाकिटावर लिहिलं तरी टपाल निवडणाऱ्या यंत्राला ते वाचता येत नाही. त्याचे पट्टे पाकीट रुळांभोवती वळवतात आणि सीडीच्या कडक डबीची बिजागरी तिथेच मोडते. आम्ही आता डबी घालत नाही. कागदी खोळ, दोन्ही बाजूंना पुठ्ठा, त्याच्या नाळ्या एकमेकींना आडव्या, आणि पाकीट पेटीत न टाकता खिडकीवर हातात द्यायचं.